पैशाचे सोवळे

गेल्या माघात एका गावी अखंड हरिनाम सप्ताहाच्या सांगतेला आमचे काल्याचे कीर्तन होते. ओघात व्यसनांचा विषय निघाला. तंबाखूने आणि दारूने किती घरे धुऊन नेली हे आम्ही चाळीस वर्षे सांगत आलो आहोत. तसे त्या दिवशीही सांगितले, आणि लोकांनी नेहमीप्रमाणे माना डोलावल्या. पंगत उठल्यावर एक विशीतला मुलगा जवळ आला, पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, राग येणार नसेल तर एक विचारू? तुमची शिल्लक कुठं ठेवलीये?" आम्ही म्हटले, "बाळा, शिल्लक ती केवढी! पुतण्या बघतो, कुठल्याशा फंडात आहे." तो म्हणाला, "मग त्या फंडात सिगारेटची कंपनी आहे का, तेवढं एकदा बघा." एवढे बोलून तो पत्रावळी उचलायला निघून गेला.

पुढे जाण्याआधी एक कबुली देणे भाग आहे. कीर्तनाला बिदागी घेऊ नये असा आपल्या संप्रदायाचा दंडक आहे. आम्ही जाण्यायेण्याचा खर्च घेतो, आणि कोणी आग्रहाने हातावर चार पैसे अधिक ठेवले तर ते परत केले असे छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. पण शिल्लक म्हणतो ती मुख्यत्वे शाळेत तीस वर्षे संस्कृत शिकवले त्याची. निवृत्तीच्या वेळी आलेली रक्कम पुतण्याने गुंतवली. तो पुण्यात सी. ए. आहे. घरी पोचताच त्याला फोन केला. म्युच्युअल फंडांना आपला पैसा कोठे कोठे आहे याची यादी दर महिन्याला प्रसिद्ध करावी लागते. ती त्याने वाचून दाखवली. सिगारेटची कंपनी होती. दारूचीही एक होती, थोडी.

त्या रात्री झोप आली नाही. वाल्याची गोष्ट डोळ्यांपुढे उभी राहिली. वाटसरू लुटून रांजणात खडे टाकणाऱ्या वाल्याला नारदांनी विचारले, तुझ्या या पापात घरची माणसे वाटेकरी होतील का, विचारून ये. घरची म्हणाली, आम्हांला पोसणे हे तुझे काम; कसे आणतोस ते तुझे तू जाण. ही कथा आम्ही शेकडो वेळा रंगवून सांगितली, आणि दर वेळी उभे राहिलो ते नारदांच्या बाजूला, नाही तर पश्चात्ताप झालेल्या वाल्याच्या बाजूला. घरच्या माणसांच्या जागी आम्ही कधी उभे राहिलो नव्हतो. लाभांश खाणारा भागधारक हा वाल्याच्या घरचा माणूस. आणलेले गोड लागते. कोठून आणले हे विचारायचे नसते.

सकाळी पुतण्याला सांगितले, "विकून टाक." त्याने विकले. थोडा कर पडला, तो भरला. मग ज्यात दारू-तंबाखू नाही, जे निसर्गाचा आणि कामगाराचा विचार करतात असे म्हणवतात, अशा एका फंडात रक्कम वळवली. वळवून झाल्यावर म्हणाला, "काका, आता शांत झोपा. पण एक सांगू का? तुम्ही विकलं ते कुणीतरी घेतलंच असणार. कंपनीचा एक पैसा कमी झाला नाही."

अहो, हे ऐकून आम्ही गारच पडलो. सोवळे तर नेसले; पण त्याने कोणाचे काय भले झाले? प्रश्न एकट्या आमचा नाही. आपल्यातल्या पुष्कळांचा पैसा आज फंडात आहे, विम्यात आहे, पतसंस्थेत आहे. म्हणून तो येथे सगळ्यांपुढे मांडतो.

पुतण्याचे म्हणणे खरे कसे, ते आधी पाहू. समजा, गावात एकाला पिठाची गिरणी घालायची आहे आणि पैसे कमी पडतात. दहा जणांनी दहा-दहा हजार दिले. त्याने प्रत्येकाला चिठ्ठी लिहून दिली की गिरणीत तुझा एवढा वाटा. त्या पैशांतून यंत्र आले, गिरणी सुरू झाली. पाच वर्षांनी त्यांतल्या एकाला मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे झाले, म्हणून त्याने आपली चिठ्ठी शेजाऱ्याला विकली. या दुसऱ्या व्यवहारात गिरणीला काय मिळाले? काही नाही. चिठ्ठी एका पेटीतून दुसऱ्या पेटीत गेली एवढेच. शेअरबाजारात रोज जी उलाढाल होते ती बहुतेक याच दुसऱ्या प्रकारची. म्हणजे चांगल्या कंपनीचा शेअर आपण बाजारात घेतला म्हणून तिच्या तिजोरीत काही पडत नाही, आणि वाईट कंपनीचा विकला म्हणून तिच्या तिजोरीतून काही जात नाही. वाल्याच्या घरच्यांनी वाटा नाकारला तेव्हा त्याचे डोळे उघडले, कारण त्यांची जागा घ्यायला दुसरे कोणी रांगेत उभे नव्हते. शेअरबाजारात मात्र रांग असते.

येथे तुकोबांची गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. त्यांच्या घरी महाजनकी होती, लोकांकडे येणे होते, त्याची खते होती. दुष्काळानंतर त्यांनी धाकट्या कान्होबांचा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, हे आपल्यात पोराटोरांना ठाऊक आहे. पण एका गोष्टीकडे आमचेही लक्ष आजवर गेले नव्हते. तुकोबांनी खते विकली नाहीत. शेजारच्या गावच्या सावकाराला ती विकता आली असती. पैसाही आला असता आणि सावकारीही सुटली असती. मग तुकोबा मोकळे झाले असते, पण ऋणको होते तेथेच राहिले असते, फक्त दार बदलले असते. खते बुडवली म्हणून ऋणको सुटले, आणि त्याची तोशीस तुकोबांच्या स्वतःच्या घराला लागली. आम्ही मात्र पुरी किंमत घेऊन विकले, आणि ती किंमत दुसरीकडे ठेवली. आम्हांला तोशीस लागली ती थोड्या कराची.

आता कोणी शंका घेईल, की बुवा, तुम्ही एकट्याने विकून काही होत नाही, पण हजारोंनी विकले तर भाव पडेल, आणि त्या कंपनीला नवा पैसा उभा करणे जड जाईल. शंका रास्त आहे. जी कंपनी नव्या पैशावाचून अडली आहे तिला ते जड जाईलही. पण सिगारेट रोख विकली जाते. तिच्या कंपनीला लोकांकडे पैसे मागायला जावे लागत नाही, उलट तीच दर वर्षी भागधारकांना वाटते. हॅरिसन हाँग आणि मार्सिन काकपर्चिक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील दारू, तंबाखू आणि जुगार यांच्या कंपन्यांचा अभ्यास करून २००९ साली निबंध प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की विद्यापीठे, पेन्शन फंड अशा संस्था या कंपन्यांपासून दूर राहतात, त्यामुळे त्यांचे शेअर काहीसे स्वस्त राहतात, आणि जो विधिनिषेध न पाळता ते घेतो त्याला इतरांहून अधिक फायदा होतो. सज्जनाने टाकलेले दुसऱ्याला स्वस्तात मिळाले, एवढाच त्या सोवळ्याचा परिणाम. वाचून मन खट्टू झाले.

तरी दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण लोक देतात, ते नीट पाहिले पाहिजे. तेथील गोऱ्या सरकारच्या वर्णभेदाविरुद्ध सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी आणि चर्चसंस्थांनी, त्या देशात व्यापार करणाऱ्या कंपन्यांचे शेअर विकले. विद्यार्थ्यांनी त्यासाठी धरणी धरली. पुढे १९९९ साली तिघा संशोधकांनी जुने भाव तपासले, तर या विक्रीने त्या कंपन्यांच्या किमतीवर दिसण्याजोगा परिणाम झालेला आढळला नाही. मग परिणाम झाला कशाने? जुलै १९८५ मध्ये चेस मॅनहॅटन या अमेरिकन बँकेने तेथील थोड्या मुदतीची कर्जे पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. तिच्या मागोमाग इतर बँकांनीही हात आखडता घेतला. त्यांची जागा घ्यायला कोणी पुढे येईना. तेथील चलन, रँड, कोसळले आणि सप्टेंबरात सरकारला परदेशी कर्जाची परतफेड थांबवल्याचे जाहीर करावे लागले. शेअर विकणाराला गिऱ्हाईक मिळते. नवे कर्ज नाकारले आणि दुसरा देणारा उभा राहिला नाही, तर राज्य हलते.

पण त्या बँकेच्या गळ्यात हार घालण्याचे कारण नाही. तिने हे धर्मबुद्धीने केले नाही, पैसा बुडण्याची भीती वाटली म्हणून केले. भीती का वाटली? तेथल्या काळ्या वस्त्यांतली माणसे रस्त्यावर उतरली होती, मार खात होती, मरत होती, म्हणून. १९९० साली नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले याचे श्रेय न्यूयॉर्कच्या सावकाराला देणे हा त्या माणसांचा अपमान होईल. आणि विद्यार्थ्यांचे धरणे अगदी वाया गेले असेही आम्हांला वाटत नाही. इंग्लंडात विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे बार्कलेज बँकेवर बहिष्कार घातला, आणि १९८६ साली ती बँक दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडली. तेथे विद्यार्थी शेअर विकणारे नव्हते, गिऱ्हाईक होते.

हा गिऱ्हाइकाचा मुद्दा धरून ठेवा. मनुस्मृतीचे नाव काढले की आज पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्याला कारणेही आहेत; पण पाचव्या अध्यायातले एक ठिकाण आम्हांला या प्रकरणात फार उपयोगी पडले. प्राण्याच्या हत्येत वाटेकरी कोण कोण, याची तेथे गणती आहे. अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा, असे आठ जण. या आठांत खाटकाला दुकान घालायला पैसे देणारा सावकार नाही! विद्यार्थीदशेत हे कधी जाणवले नव्हते. आता वाटते, त्यात काही तथ्य असेल. दुकान सावकारावर चालत नाही, घेणाऱ्यावर आणि खाणाऱ्यावर चालते. सिगारेटची कंपनी भागधारकावर जगत नाही, ओढणाऱ्यावर जगते. आमच्याच दिंडीत भजन संपले की निम्मे टाळकरी कमरेची चंची सोडतात. त्यांच्यापुढे आम्ही आमचा फंड बदलल्याची फुशारकी मारणे म्हणजे विनोदच. एका टाळकऱ्याची चंची सुटली तर ती आमच्या साऱ्या शेअरविक्रीपेक्षा मोठी गोष्ट होईल.

परंतु त्याच गणतीतला पहिला शब्द अनुमन्ता हा आहे. ज्याच्या होकाराने कर्म घडते तो. आम्ही या शब्दापाशी पुष्कळ दिवस अडून बसलो. भागधारक हा पैसे पुरवणारा म्हणून नव्हे, पण अनुमन्ता म्हणून नक्कीच वाटेकरी आहे. कारण शेअराबरोबर मत येते. ज्याला मत आहे आणि जो गप्प बसतो, त्याचे गप्प बसणे होकारातच धरले जाते. मग विकून निघून जाणारा काय करतो? होकार देत नाही, हे खरे. पण नकार देण्याची जागाही सोडून जातो.

२०२१ साली अमेरिकेत एक गोष्ट घडली. एक्सॉनमोबिल ही अवाढव्य तेलकंपनी. तिच्यात शेकडा ०.०२ एवढाच वाटा असलेल्या एका लहान फंडाने म्हटले, कंपनी हवामानाच्या प्रश्नाकडे पाठ फिरवून बसली आहे, आम्ही संचालकांच्या निवडणुकीत उभे राहतो. मोठ्या पेन्शन फंडांनी त्यांच्या पारड्यात मते टाकली आणि त्यांचे तीन उमेदवार निवडून आले. कंपनीने तेल काढणे सोडले का? नाही. उलट २०२४ साली तिने आणखी एक मोठी तेलकंपनी विकत घेतली. म्हणजे बोलूनही सारे होते असे नाही. पण ०.०२ वाले विकून गेले असते, तर ते विकले गेल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नसते.

आता चांगल्या कामात पैसा घालण्याविषयी. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीच्या परिसरात हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले, धनंजयराव गाडगीळांसारख्या विद्वानाने पाठबळ दिले. सहकारी कारखाना म्हणजे काय हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. शेतकऱ्याने भाग घेतला नसता तर तो पैसा घालायला शेअरबाजारातून दुसरा कोणी येणार नव्हता. त्या पैशाने फरक पडला. (पुढे साखरेच्या मळीतून मद्यार्क काढणेही राज्यातल्या पुष्कळ कारखान्यांत आले, आणि माळकरी सभासद त्याच नफ्याचा भाव घेतो, हाही संसारच.) याउलट इंदूर महापालिकेने २०२३ च्या फेब्रुवारीत २४४ कोटींचे हरित कर्जरोखे काढले, नर्मदेचे पाणी शहरापर्यंत उचलायला वीज लागते तिच्यासाठी जलूद येथे सौरप्रकल्प उभारायचा म्हणून. काम उत्तम. पण मागणी हव्या त्या रकमेच्या कित्येक पट आली. तेथे आम्ही पैसे घातले नसते तर काही अडले नसते. चांगले काम आणि आपल्यावाचून अडलेले काम, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. दुसरे शोधावे लागते, आणि तेथे पैसा बुडण्याचे भय अधिक असते.

ते भय आम्ही हलके समजत नाही. आमच्या दिंडीची चार लाख ऐंशी हजारांची ठेव आहे. ती वारकऱ्यांच्या पै-पैची आहे, आमच्या बापजाद्यांची नव्हे. १९५० च्या सार्वजनिक न्यासाच्या कायद्याने विश्वस्तांनी पैसा ठरावीक ठिकाणीच ठेवायचा आहे, आणि पतसंस्था बुडून म्हातारीकोतारी माणसे रडताना आम्ही पाहिली आहेत. म्हणून ठेव बँकेतच आहे. परंतु बँक पुढे कोणाला देते? आळंदीला इंद्रायणीच्या पाण्यावर पांढरा फेस येतो तो आपण सारे पाहतो आणि हळहळतो. त्यात शहरांचे, म्हणजे आपलेच, सांडपाणी आहे, तसे कारखान्यांचे रासायनिक पाणीही आहे. मोठ्या कंपन्यांचे एक वेळ ठीक. सेबीच्या नियमाने पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून पाणी, कचरा, कामगार यांचा अहवाल द्यावा लागतो. लहान कारखाने शेअरबाजारात नाहीतच, ते कर्जावर चालतात. शेअराला रांग असते, पण लहान कारखान्याला कर्ज देणाऱ्या बँका दोन-चारच असतात. म्हणून विचारायचे तर येथे. ठेवीचे नूतनीकरण करायला गेलो तेव्हा आम्ही साहेबांना विचारले, कर्ज देताना त्या कारखान्याचे सांडपाणी कोठे जाते हे तुम्ही पाहता का? ते म्हणाले, "महाराज, व्याजाचा दर विचारणारे रोज येतात. हे विचारणारे तुम्ही पहिलेच." चहा पाजला. उत्तर दिले नाही. पुढल्या खेपेस आम्ही चार दिंड्यांचे विश्वस्त बरोबर नेणार आहोत. चौघांच्या ठेवी मिळून थोडे वजन पडेल.

राहता राहिला विमा. आयुर्विमा महामंडळाची पॉलिसी आपल्यातल्या किती घरांत आहे हे सांगायला नको. आयटीसी ही देशातली सर्वांत मोठी सिगारेट कंपनी. तिच्यात महामंडळाचा वाटा शेकडा पंधराच्या आसपास आहे. सरकारी विमा कंपन्यांनी तंबाखूत पैसा ठेवू नये म्हणून २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही झाली. महामंडळाला विमेदारांना बोनस द्यायचा असतो, हे आम्हांला कळते. उद्या त्यांनी तो वाटा विकला तर घेणारा कोणी परदेशी धनको असेल, त्याच्याशी आपला काही बोलण्याचा संबंध उरणार नाही, हेही कळते. म्हणून तो विकाच असा हट्ट धरावा की नाही, याविषयी आमचे मन आज घट्ट नाही. पण सहावा-सातवा हिस्सा ज्याचा आहे त्याच्या मताला वजन असते. ते मत कसे वापरले जाते, मुलांच्या हाती सिगारेट पडू नये म्हणून त्याने काय विचारले, एवढे विचारण्याचा अधिकार आम्हांला आहे. मे २०२२ मध्ये महामंडळाचे शेअर विक्रीस निघाले, तेव्हा पुतण्याने विमेदारांच्या वाट्यातून आमच्या नावावर पंधरा घेऊन ठेवले होते. आम्ही ते विसरूनही गेलो होतो.

फंड विकला त्याचा पश्चात्ताप नाही. त्याने कंपनीचे काही बिघडले असा दावा मात्र आम्ही करणार नाही. एवढेच झाले, की कीर्तनात तंबाखूचे नाव घेताना त्या मुलाचा चेहरा आड येत नाही. आणि नव्या फंडाची यादी पाहिली, तर वरच्या ओळींत बँकाच बँका. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न.

महामंडळाच्या वार्षिक सभेत बोलायचे तर आधी नाव नोंदवावे लागते, असे पुतण्या म्हणतो. प्रश्न लिहून ठेवला आहे. तो म्हणाला, "काका, इंग्रजीत पाठवू या." आम्ही म्हटले, "तू भाषांतर कर बाबा, पण बोलणार आम्ही मराठीतच." त्या मुलाचे नाव विचारायचे तेवढे राहून गेले. येत्या माघात त्याच गावी पुन्हा जाणे आहे.